दवाखान्यात पेशंट नेण्या-आणण्याचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉर्डबॉय म्हणा, कक्षसेवक म्हणा, अटेंडंट म्हणा नाहीतर नुसतं मामा म्हणा, पण पेशंटला कॅज्युअल्टीतून वॉर्डात, वॉर्डातून एक्स-रेला, तिथून ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) अन परत बेडवर आणून ठेवणारा माणूस प्रत्येक दवाखान्यात लागतोच. आपल्या विदर्भातल्या गावखेड्यातून या कामाला लागलेली आणि लागू पाहणारी पोरं-पोरी वॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न पाठवत राहतात, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून ठेवलं. मी यात बरीच वर्षं आहे, आधी ग्रामीण रुग्णालयात होतो, आता जिल्ह्याच्या ठिकाणी. एक गोष्ट आधीच सांगतो कारण खाली ती परत परत येणार आहे, जी काय घाई करायची ती निघायच्या आधी तयारीत करा, पेशंट एकदा चाकावर आला की मग माणसाच्या चालीनंच जायचं.

१. या कामात नेमकं करायचं काय असतं, नुसतं स्ट्रेचर ढकलायचं का?

ढकलणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. निरोप आला की कोणता पेशंट, कुठं न्यायचा, कशावर न्यायचा (चालत, व्हीलचेअर की स्ट्रेचर), सोबत ऑक्सिजन लागतो का, सिस्टर सोबत येणार का, हे विचारायचं. मग स्ट्रेचर तयार करायचं, पेशंट बेडवरून त्यावर घ्यायचा, नळ्या-सलाईन सांभाळत न्यायचा, तिथल्या माणसाच्या ताब्यात द्यायचा, कागद द्यायचे, आणि परत आणायचा. या वॉर्डापासून त्या दारापर्यंत पेशंटजवळ बऱ्याचदा तुमच्याशिवाय कोणीच नसतं, डॉक्टरही नाही अन सिस्टरही नाही, त्यामुळं त्याचा श्वास कसा चालू आहे, चेहरा कसा दिसून राहिला हे पाहणारे डोळे फक्त तुमचे असतात. मधल्या वेळात रक्ताचे नमुने लॅबला नेणं, सिलिंडर बदलणं, बेड लावणं, हेही येतंच.

२. शिक्षण किती लागतं आणि काम मिळतं कुठं?

दहावी पास असलेलं बरं. सरकारी पद गट-ड मध्ये येतं, त्याची जाहिरात निघते आणि परीक्षा होते. बाकी भरपूर लोक ठेकेदारामार्फत लागतात. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय अशी मोठी रुग्णालयं खेड्यांच्या अंगणातच आहेत, शिवाय नागपूरचं मेडिकल आणि मेयो, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची सरकारी मेडिकल कॉलेजं आणि तालुक्याच्या गावातले खासगी दवाखाने. जनरल ड्युटी असिस्टंट नावाचा कौशल्य विकासातला कोर्स असतो, तो केलेला असला तर खासगीत लवकर घेतात आणि उचलायचं-वळवायचं तंत्र आधीच हातात बसलेलं असतं.

आणि हे नीट वाचा. "साहेबांची ओळख आहे, इतके द्या, पोराला परमनंट लावून देतो" म्हणणारा माणूस दर भरतीच्या वेळी गावात येतोच. त्याला एक रुपया देऊ नका. वावर गहाण ठेवून पैसे दिलेली घरं मी पाह्यली, त्यांना नोकरीही मिळाली नाही अन पैसेही परत आले नाहीत.

३. ठेकेदाराकडं लागलो तर पगारात काय काय बघायचं?

किमान वेतनाचा दर सरकार ठरवते आणि तो वेळोवेळी बदलतो, त्याच्या खाली पगार देता येत नाही. पीएफ मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमच्याकडून कापला जातो आणि मालकानंही तेवढाच भरायचा असतो. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि तिथं ईएसआय (कामगार विमा) लागू असेल तर तुमच्याकडून ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो, त्यातून तुमच्यासकट घरच्यांचाही इलाज होतो. कापून घेतलं म्हणजे भरलंच असं समजू नका, उमंग ॲपवर पीएफचं पासबुक दिसतं, दर दोन-तीन महिन्यांनी उघडून पाहत जा. पगाराची पावती मागा, आणि हजेरीच्या रजिस्टरचा महिनाअखेरीस मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, पुढं वाद झाला तर तोच कामी येतो.

४. पेशंट घ्यायला जायच्या आधी स्ट्रेचरचं काय काय तपासायचं?

सगळी घाई इथं करायची म्हणतो ती हीच. चारही चाकं फिरतात का, एखादं चाक दोरा-केस गुंडाळून जाम झालं आहे का. आपल्याकडं कापसाच्या दिवसात हे फार होतं, लोकांच्या कपड्यांवरचा कापूस फरशीवर पडतो आणि चाकाच्या आसात जाऊन बसतो, मग स्ट्रेचर एका बाजूला ओढत राहते, ब्लेडनं कापून काढलं की दोन मिनिटात मोकळं होतं. ब्रेक लावून स्ट्रेचर हलवून पाहायचं. दोन्ही बाजूचे कठडे वर करून खटका बसतो का ते हातानं दाबून पाहायचं, नुसतं डोळ्यानं नाही. गादी फाटलेली नको, सलाईनचा दांडा जागेवर पाहिजे. धुतलेली चादर टाका आणि गुंडाळलेली एक जास्तीची जवळ ठेवा, उलटी झाली, रक्त गेलं, थंडी वाजली, कशालाही लागते.

उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागते. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि कॅज्युअल्टीच्या दाराबाहेर लोखंडी पत्र्याचं स्ट्रेचर दुपारभर उन्हात उभं असते. उष्माघाताचा बेशुद्ध माणूस ऑटोतून काढून सरळ त्यावर टाकला तर पाठ भाजते आणि त्याला सांगताही येत नाही. स्ट्रेचर सावलीत लावा, नाहीतर ओल्या फडक्यानं पुसून चादर दुहेरी टाका.

५. बरोबर तोच पेशंट आहे हे कसं ओळखायचं?

नुसत्या नावानं कधीच नाही. एका वॉर्डात दोन शांताबाई अन तीन रामदास असतातच, कधी आडनावही एकच. "तुम्ही शांताबाई ना?" असं विचारलं की कमी ऐकू येणारी आजी मान हलवते अन तुमच्यासोबत निघते. म्हणून विचारायचं असं, "आजी, तुमचं पूर्ण नाव काय? गाव कोणतं?" म्हणजे बोलणारे ते असले पाहिजेत. मग केस पेपरवरचं नाव आणि आयपीडी (भरतीचा) नंबर जुळवा. पेशंट बेशुद्ध असेल किंवा लहान लेकरू असेल तर नातेवाईक आणि ड्युटीवरची सिस्टर, दोघांकडून खात्री करून घ्या. ओटीला न्यायचं असेल तर आणखी काय पाहायचं ते प्रश्न ११ मध्ये आहे.

६. बेडवरून स्ट्रेचरवर घेताना एकट्यानं उचललं तर चालते का? माझी कंबर आताच दुखायला लागली.

नाही चालत. कंबर दुखते ती उचलण्यानंच, आणि या कामात तिशीतच कंबर गेलेले लोक आहेत. पेशंट उचलायचाच नसतो, सरकवायचा असतो. स्ट्रेचर बेडला खेटून लावा, दोन्हीचे ब्रेक लावा, उंची सारखी करा किंवा स्ट्रेचर बोटभर खाली ठेवा. पेशंटच्या खालच्या चादरीच्या कडा दोन्ही बाजूनं गुंडाळत अंगाजवळ आणा, मुठीत घट्ट धरा, आणि एकानं मोजायचं, एक, दोन, तीन. मोजणारा एकच पाहिजे आणि तो डोक्याकडचा. कमीत कमी तिघं, भारी माणूस असेल तर चौघं-पाच. गुडघ्यात वाका, कंबरेत वाकू नका आणि धरलेलं असताना अंग पिळू नका, पाय वळवा.

गावाकडून पेशंट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, मालवाहू गाडीत, कधी बाजेवर टाकून येतो. लोक घाबरलेले असतात, काखेत हात घालून अन पाय धरून ओढायला लागतात, ते थांबवा. ज्या गोधडीवर त्याला निजवून आणलं ती मजबूत असेल तर तिलाच चारी बाजूनं धरून गोधडीसकट स्ट्रेचरवर घ्या. जुनी विरलेली असेल तर खालून आपली चादर सरकवा.

७. झाडावरून, विहिरीत पडलेला किंवा ॲक्सिडेंटचा पेशंट असेल तर?

मानेला किंवा पाठीच्या कण्याला मार असू शकतो असं धरूनच चालायचं, तो म्हणत असला "मले काही नाही झालं" तरी. मान, धड आणि पाय एका रेषेत ठेवून सगळं अंग एकदमच वळवायचं. एक जण फक्त डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवतो आणि मोजणंही त्याचंच, तिघं खांदा-कंबर-पाय सांभाळतात, आणखी एक खालून फळी सरकवतो. डॉक्टर समोर असल्याशिवाय हे करू नका. उशी देऊ नका, बसवू नका, "उठून पाहा बरं" असं तर अजिबात म्हणू नका.

८. स्ट्रेचर नेताना डोकं पुढं की पाय पुढं? नातेवाईक पाय पुढं केले की भांडतात.

सपाट जागेवर पाय पुढं आणि तुम्ही डोक्याजवळ. म्हणजे पेशंटचा चेहरा तुमच्या नजरेखाली राहतो आणि दाराला धक्का लागलाच तर डोक्याला लागत नाही. रॅम्प चढताना स्ट्रेचर फिरवून डोकं वरच्या बाजूला घ्यायचं, उतरताना पाय खालच्या बाजूला, डोकं दोन्ही वेळा वरच राहिलं पाहिजे. उतरताना एक माणूस पुढून पायाकडं उभा राहून भार झेलत उलटा चालेल, एकट्यानं भरलेलं स्ट्रेचर रॅम्पवरून उतरवू नका. बीपी फार खाली गेलेल्या पेशंटचं डॉक्टर उलट सांगू शकतात, तेव्हा त्यांचं ऐका.

आता भांडणाचं. आपल्याकडं तिरडी पाय पुढं करून घरातून काढतात, त्यामुळं म्हाताऱ्या माणसाला असं नेताना पाहून घरच्या बाईचा जीव कासावीस होतो. "काहून माया माणसाचे पाय पुढं केले?" असं विचारणाऱ्या माउलीवर खेकसू नका. सांगा की माय, डोक्याजवळ मी आहे, तोंड दिसलं पाहिजे, श्वास दिसला पाहिजे, म्हणून असं. बहुतेक लोक ऐकतात. स्वतः त्या बाईला डोक्याजवळ चालायला सांगितलं तर आणखी बरं, तिचा हात पेशंटच्या कपाळावर राहतो आणि दोघांनाही धीर येतो.

९. व्हीलचेअरमध्ये बसवताना पेशंट घसरतो, काय चुकते?

बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात, ब्रेक लावलेला नसतो आणि पाय ठेवायच्या पट्ट्या आधीच खाली पाडलेल्या असतात. पट्ट्या वर करा, ब्रेक लावा, खुर्ची पेशंटच्या धडधाकट बाजूला तिरपी लावा, म्हणजे लकवा मारलेला असेल तर चांगल्या हातानं तो स्वतः खुर्ची धरू शकतो. पेशंट बसला की मग पट्ट्या पाडून पाय ठेवायचे. लकव्याचा हात मांडीवर ठेवा, बाहेर लोंबला की चाकात जातो. लुगड्याचा पदर, धोतराचा सोगा आणि शाल चाकाजवळून आत खोचायची. उतारावरून आणि लिफ्टमध्ये शिरताना खुर्ची उलटी न्यायची, म्हणजे आधी तुम्ही आणि मागून खुर्ची.

१०. सलाईन, लघवीची पिशवी, छातीतली नळी... हे सगळं कसं सांभाळायचं?

निघायच्या आधी डोक्यापासून पायापर्यंत बोटानं मोजा, किती नळ्या आहेत आणि प्रत्येक कुठं जाते. सलाईन पेशंटच्या वर राहिली पाहिजे. लघवीची पिशवी नेहमी कंबरेच्या खाली, स्ट्रेचरच्या कडेला अडकवायची, पेशंटच्या पोटावर किंवा पायांमध्ये ठेवायची नाही, नाहीतर लघवी उलटी आत जाते आणि संसर्ग होतो. सरकवताना ती आधी रिकामी करून घेतली तर ओढ बसत नाही. छातीत नळी टाकलेली असेल तर तिची बाटली छातीच्या खाली आणि सरळ उभी, आणि मनानं चिमटा लावू नका, हवा आत कोंडून पेशंट जाऊ शकतो. नळी निघाली तर तिथंच थांबा, हातानं परत खुपसू नका, जागा दाबून सिस्टरला आवाज द्या.

११. ओटीत नेताना वेगळं काय असतं?

अंगावरचे दागिने, बांगड्या, कवळी काढली का, उपाशी आहे का, संमतीच्या कागदावर सही झाली का, एक्स-रे सोबत आहेत का, हे सिस्टरसमोरच विचारून घ्यायचं. मंगळसूत्र काढायला बाया तयार होत नाहीत, ते तुम्ही काढायचं नाही, सिस्टर नवऱ्याला किंवा सासूला बोलावून त्यांच्या हातात देते. ओटीच्या दारात आतलं स्ट्रेचर वेगळं असते, बाहेरचं आत न्यायचं नाही. आणि ऑपरेशनला जाणारा माणूस भेलेला असतो, छतावरचे लाईट मोजत पडलेला असतो, त्याच्याशी दोन शब्द बोला, गाव कोणतं, यंदा सोयाबीन कशी आहे, काही पण.

१२. सिलिंडर किती वेळ पुरेल हे कसं काढायचं?

हे पाठच करा. सोबत न्यायचा बी टाईप सिलिंडर पाण्याच्या मापानं १० लिटरचा असतो. काटा जितक्या किलो दाबावर आहे त्याला १० नं गुणा, तेवढे लिटर ऑक्सिजन आत आहे. पूर्ण भरला म्हणजे १५० वर, म्हणजे साधारण १,५०० लिटर. पेशंटला मिनिटाला ५ लिटर चालू असेल तर ३०० मिनिटं, १० लिटर असेल तर १५० मिनिटं. आता गडचिरोलीहून नागपूर म्हणजे गाडीनं तीन-साडेतीन तास सहज जातात, म्हणजे १० लिटरवरच्या पेशंटला एक सिलिंडर पुरतच नाही, दुसरा लागतोच. हिशोबात नेहमी एक तृतीयांश शिल्लक धरा.

निघण्याआधी चावी सोबत घ्या, बाटलीत बुडबुडे येतात का पाहा, मास्कजवळ हात धरून हवा येते का पाहा. व्हॉल्व्हला तेल, ग्रीस, व्हॅसलीन काहीही लावायचं नाही, ऑक्सिजनसोबत ते पेट घेते. सिलिंडर पेशंटच्या पायांमध्ये स्ट्रेचरवर आडवा ठेवू नका, घसरला तर पाय मोडतो, त्याची गाडी किंवा स्ट्रेचरखालची जागा असते. एमआरआयच्या खोलीत तर सिलिंडर, लोखंडी स्ट्रेचर, चावी, काहीच नाही, चुंबक कायम चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका दवाखान्यात पेशंटचा नातेवाईक सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला, चुंबकानं सिलिंडरसकट त्याला ओढून घेतलं आणि त्याचा जीव गेला. तंत्रज्ञ हो म्हणेपर्यंत उंबरठा ओलांडू नका.

१३. साप चावलेला किंवा फवारणीचं औषध प्यायलेला पेशंट आला तर मी काय करायचं?

धानाच्या आणि कापसाच्या पट्ट्यात पावसाळाभर हे पेशंट येत राहतात. साप चावलेल्याला एक पाऊलही चालू द्यायचं नाही, गाडीपासूनच स्ट्रेचर. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही. वर करकचून दोरी बांधून आणलेली असेल तर ती तुम्ही सोडू नका, डॉक्टर तयारीत असतानाच सोडतात, एकदम सोडली तर विष झपकन अंगात पसरू शकते. नातेवाईक साप मारून पिशवीत घेऊन येतात, त्याला हात लावू नका, मेलेल्याचे दातही चावतात.

फवारणीची विषबाधा किंवा औषध प्यायलेला असेल तर आधी हातमोजे. कपड्यांवर, उलटीत, केसात औषध असते आणि ते तुमच्या कातडीतूनही आत जाते. कपडे काढून पिशवीत बांधायचे आणि सिस्टर सांगेल तसं अंग साबण-पाण्यानं धुवायचं. न्यायचा तो डाव्या कुशीवर, तोंडाला फेस येत असतो, उताणा ठेवला तर तेच छातीत जाते. घरचे मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला बघतात, ते थांबवा, आणि एकाला औषधाचा डबा आणायला पाठवा, डब्यावरच्या नावावरून इलाज ठरतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता कितीतरी शेतकरी-मजूर गेले, त्यानंतर तरी आपल्या भागातल्या प्रत्येक दवाखान्यात हे सगळ्यांना तोंडपाठ असायला पाहिजे असं मला वाटते.

औषध प्यायलेल्या माणसाजवळ "कशाले पेलास रे" असं कोणी बोलत असेल तर त्याला बाजूला घ्या. कर्जाचा, घरातल्या भांडणाचा विषय स्ट्रेचरजवळ नको.

१४. सिकलसेलच्या पेशंटला हळू न्या म्हणतात, काहून?

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, मेळघाट, आपल्याकडं रक्ताचा हा आनुवंशिक आजार भरपूर आहे. दुखणं उठलं की हाडात असं दुखते की स्ट्रेचरचं चाक फरशीच्या सांध्यावरून गेलं तरी पोरगं ओरडते. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून "नाटक करून राहिला" म्हणणारे दवाखान्यातही भेटतात, तुम्ही तसं म्हणू नका. थंडीनं दुखणं वाढते, एसीच्या खोलीबाहेर ताटकळत ठेवू नका, पांघरूण द्या, प्यायला मनाई नसेल तर पाणी द्या. लाल कार्ड जवळ असेल तर तो पेशंट आहे, पिवळं कार्ड म्हणजे वाहक. कार्ड केस पेपरला लावून ठेवा.

१५. गरोदर बाईला नेताना काय पाहायचं?

शेवटच्या महिन्यांत उताणं निजवायचं नाही, डाव्या कुशीवर, पाठीला उशी. कळा येत असताना स्ट्रेचर थांबवा, कळ जाऊ द्या, मग चला, पण बाळाचं डोकं दिसायला लागलं किंवा पाणी फुटून नाळ बाहेर आली तर कुठंही न नेता सिस्टरला हाक मारा. बाळ झाल्यावर ते आईच्या स्ट्रेचरवर मोकळं ठेवून नेऊ नका. घरून दवाखान्यात, तिथून वरच्या दवाखान्यात आणि सुटी झाल्यावर घरापर्यंत १०२ ची गाडी फुकट आहे, जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून. डिझेलला पैसे मागितले तर देऊ नका म्हणून बाळंतिणीच्या घरच्यांना तुम्हीच सांगा, त्यांना माहीत नसते.

१६. वाटेतच पेशंटला काही झालं तर?

थांबा, एकट्यानं पळवत नेऊ नका. जवळच्या वॉर्डात आवाज द्या. उलटी आली तर कुशीवर. झटके आले तर कठडे वर, कुशीवर, तोंडात काही घालायचं नाही आणि नातेवाईक कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला आले तर नको म्हणा. हाक मारून, हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही तर स्ट्रेचर सपाट करा, ब्रेक लावा, छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत. हे ट्रेनिंग दवाखान्यात होते, नाव द्या, मागून घ्या.

१७. रेफर (वरच्या दवाखान्यात पाठवलेल्या) पेशंटसोबत १०८ च्या ॲम्ब्युलन्समध्ये मला जावं लागते का?

१०८ महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली, गाडीत डॉक्टर असतात. तुमचं काम गाडीत नीट चढवून देण्याचं आणि ताब्यात देताना कागद, एक्स-रे, दिलेल्या औषधांची चिठ्ठी हातात देण्याचं. दवाखान्याच्याच ॲम्ब्युलन्समध्ये पाठवलं तर जावं लागू शकते, मग सिलिंडरचा हिशोब (प्रश्न १२) निघायच्या आधी. भामरागडकडं पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो, अशा भागात पावसाळ्यात लवकर निघणं हाच अर्धा इलाज, म्हणून तिथं रेफर चिठ्ठी लिहून झाली की स्ट्रेचर दाराशी उभं पाहिजे.

१८. पेशंटचे घरचे खुशीनं पैसे देतात, घ्यावेत का?

नाही. मुलगा झाला म्हणून दिलेले असोत की चहापाण्याला म्हणून. आज एकानं दिले की उद्या दुसऱ्याला वाटते दिल्याशिवाय स्ट्रेचर येत नाही, आणि ज्याच्या खिशात बसच्या तिकिटापुरते पैसे आहेत तो आपल्या बापाला पाठीवर घेऊन एक्स-रेला निघतो. सरकारी दवाखान्यात ही सरळ लाच आहे, तक्रारीचा नंबर १०६४. "बाबा, हे आमचं कामच हाय, लेकराले खाऊ घ्या त्याचा" असं म्हणून हात जोडले की कोणाला वाईट वाटत नाही.

१९. नातेवाईकांनाच स्ट्रेचर ओढायला लावलं तर चालते का? आम्ही दोघंच असतो रात्री.

मदतीला घ्या, पण हवाली करू नका. तुम्ही डोक्याजवळ, ब्रेक आणि वेग तुमच्या हातात, ते पायाकडून. रॅम्प असेल (प्रश्न ८) किंवा ऑक्सिजन चालू असेल तर वॉर्डातून आपलाच माणूस बोलवा, थोडं थांबावं लागलं तरी. माणसं कमी पडतात हे रजिस्टरात लिहून इन्चार्ज सिस्टरची सही घेत जा.

२०. बाई पेशंट आणि मी माणूस, किंवा उलट, अशा वेळी?

शक्य असेल तिथं मावशीला (बाई अटेंडंटला) सोबत घ्या. नसेल तर घरची बाई जवळ उभी करा, काय करणार ते आधी सांगा, "ताई, चादर धरून सरकवतो, हात लागणार नाही." पूर्ण वेळ अंगावर चादर. ओपीडीच्या गर्दीतून नेताना विशेष, लोक बघत उभे राहतात. फोटो-व्हिडिओ काढणाऱ्याला थांबवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

२१. टीबीचा पेशंट, रक्त, सुई... स्वतःला कसं वाचवायचं?

टीबीच्या पेशंटला मास्क, तुम्हाला एन-९५. पेशंट घेताना घातलेल्या हातमोज्यांनी लिफ्टचं बटण, दाराची कडी धरायची नाही. रक्त सांडलं तर १ टक्का हायपोक्लोराइट टाकून दहा मिनिटं ठेवून पुसा, मग पाण्यानं पुसा नाहीतर पत्रा गंजतो. कावीळ-बी ची लस कामावर लागताच मागा, तीन डोस असतात, ०, १ आणि ६ महिन्याला.

सुई बहुतेक वेळा चादरीच्या घडीत सापडते, म्हणून चादर कधी मुठीत चुरगाळून गोळा करू नका, कडा धरून गुंडाळा. टोचलीच तर दाबून रक्त काढत बसू नका, साबण-पाण्यानं धुवा आणि लगेच ड्युटी डॉक्टरला सांगा. एचआयव्ही टाळायची गोळी दोन तासांच्या आत सुरू झाली तर सगळ्यात चांगलं, ७२ तासांनंतर उपयोग नाही, २८ दिवस घ्यावी लागते आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. "मी सांगितलं तर ठेकेदार काढून टाकेल" म्हणून पोरं लपवतात. लपवू नका, लेखी नोंद करा.

२२. पेशंट गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलतो, मराठी समजत नाही, तर?

धारणी, चिखलदरा, एटापल्ली, भामरागडकडून येणाऱ्यांचं हे रोजचं आहे. मोठ्यानं बोलल्यानं मराठी समजत नाही. वॉर्डात त्यांच्या बोलीचा कोणी पेशंट, नातेवाईक, आशाताई असतेच, तिला बोलवा. दुखते का, पाणी, लघवी, थांबा, आता सरकवतो, एवढे शब्द तिच्याकडून लिहून घेऊन खिशात ठेवा. आणि पेशंटला सोडून भाऊ बाहेर थांबवायचा असेल तर कुठं नेतो आणि परत केव्हा आणतो हे त्याला आधी समजलं पाहिजे, नाहीतर ते लोक घाबरून न सांगता निघून जातात.

२३. मृतदेह न्यायची वेळ आली तर कसं करायचं? मला भीती वाटते.

पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटते, म्हणून सुरुवातीला जुन्या माणसासोबत जा. डॉक्टरनी मृत्यू लिहून दिल्याशिवाय हात लावायचा नाही. घरच्यांना जवळ बसायला थोडा वेळ द्या, मग डोळे मिटवा, चादर पूर्ण झाकून, दोन ठिकाणी नावाची चिठ्ठी बांधून न्या. चाल तीच ठेवा जी जिवंत पेशंटला ठेवता, कठडे वर, गर्दीच्या दारानं न जाता मागच्या वाटेनं.

साप, विष, ॲक्सिडेंट, जळीत असेल तर ती एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस. पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय देह घरच्यांना द्यायचा नाही, त्यांनी कितीही हातापाया पडलं तरी, आणि अंगावरचं काहीही काढायचं नाही, नळ्यासुद्धा. दागिने असतील तर सिस्टर यादी करते, तुम्ही फक्त साक्षीदार म्हणून सही करा.

२४. डॉक्टर म्हणतात लवकर घेऊन जा, सिस्टर म्हणते थांब, ऐकायचं कोणाचं?

दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका. "साहेब, सिस्टर म्हणतात बीपी लागत नाही, काय करू?" असं मोठ्यानं, सगळ्यांसमोर विचारा. पेशंटचा श्वास वर लागला आहे, ओठ निळे पडले आहेत असं तुम्हाला दिसलं तर तुम्हीही थांबा म्हणू शकता. चौथ्या वर्गातला माणूस काय सांगणार असं मनात आणू नका, तेवढ्या वेळात पेशंटचा चेहरा तुम्हीच पाहिलेला असतो.

२५. लाईट गेली, लिफ्ट बंद, आणि पेशंट वरच्या मजल्यावर न्यायचा आहे, रॅम्पही नाही. आता?

आधी विचारा की आत्ताच न्यायचं का. एक्स-रे अर्ध्या तासानं काढला तरी चालतो, ओटीचा तातडीचा पेशंट थांबू शकत नाही. न्यायचंच असेल तर कापडी स्ट्रेचर किंवा फळी, पेशंटला तीन ठिकाणी पट्टे, कमीत कमी चौघं, चढताना डोकं पुढं आणि पायाकडच्या दोघांनी आपली बाजू उंच धरायची म्हणजे फळी सपाट राहते. एक माणूस टॉर्च घेऊन पुढं, एक सलाईन धरून बाजूला. दर मजल्याच्या वळणावर टेकवून हात बदला. आणि लिफ्टमध्ये पेशंटसकट अडकलात तर दार उचकटू नका, ऑपरेटरला फोन लावा, तो नंबर आजच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, सिलिंडरच्या काट्यावर नजर ठेवून मिनिटं मोजत राहा आणि बाहेर आवाज देऊन दुसरा भरलेला सिलिंडर दाराशी आणून ठेवायला सांगा.